पुरुषांच्या बाजूचा डबा

मनोरी,
१२ मार्च २०२५

प्रिय चंदू,
सप्रेम नमस्कार.

क्लॅरिस गेली त्याला परवा महिना झाला. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली, घर भरलं होतं. तू नव्हतास. मयतीलाही नव्हतास. मी कुणाला काही बोललो नाही, पण वॉरेनने दोनदा विचारलं की चंदूअंकल का नाही आले. पोराला काय सांगणार? आजारी असेल म्हटलं.

फोनवर बोलायची सोय असती तर त्याच दिवशी तुला शिव्या घातल्या असत्या. पण कानाच्या मशीनला फोन लावला की शिट्टीच वाजते. पस्तीस वर्षं कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या बाजूला उभा राहिलो, त्याचं हे बक्षीस. म्हणून लिहितो आहे.

विक्रोळीला आपण एका डब्यात जेवलो. तुझ्या आईच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं क्लॅरिसने एकदा खाल्लं आणि आयुष्यभर त्याचं नाव काढत राहिली. शेवटच्या आठवड्यात तिने तुझी चौकशी केली होती. तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. म्हणजे, वाटलं तर वाटू दे.

सुलक्षणावहिनींना नमस्कार. तुझ्यावर अजून लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझा,
सेबॅस्टियन

---

मुलुंड पूर्व,
२० मार्च २०२५

प्रिय सेबॅस्टियन,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. क्लॅरिसवहिनींबद्दल काय लिहावं ते सुचत नाही. यायला हवं होतं. गुडघ्यांनी दगा दिला रे. ऑगस्टमध्ये प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हापासून अंगात ताकदच नाही. जिने चढणं, बस पकडणं, मग होडीत पाय टाकणं, काय सांगू तुका, धीरच होत नाही.

बाकी इकडे ठीक. बिल्डिंगच्या पुनर्विकासाची मीटिंग दर महिन्याला होते आणि दर महिन्याला मोडते. आमच्या दिशाला पुण्यात नवी नोकरी लागली. कलिंगडं आली आहेत, पण मी खात नाही.

रागावला असशील तर रागाव. तुझा हक्क आहे. पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
चंदू

---

मुलुंड पूर्व,
२४ मार्च २०२५

ती. सेबॅस्टियनभावजी यांस,
सा. न. वि. वि.

यांच्या नकळत लिहिते आहे. यांनी तुम्हाला गुडघ्यांचं लिहिलं ते मी वाचलं. टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं आणि पाकीट उघडं होतं. भावजी, यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

क्लॅरिसवहिनी गेल्याचं कळलं त्या दिवशी हे निघाले होते. पांढरा शर्ट मी इस्त्री करून दिला. निशिगंधाचा हार आणला होता, तो पिशवीत ठेवला. माझा पाय मुरगळला होता, म्हणून एकटेच गेले. अकराला निघाले आणि साडेपाचला परत आले. मला वाटलं, मयत लवकर आटोपली असेल. आंघोळ केली, पिशवी फिनेलने धुतली, दोन दिवस दोरीवर वाळत ठेवली. नंतर तुमच्या पत्रावरून कळलं की हे पोचलेच नव्हते.

तेव्हापासून स्टेशनच्या पलीकडे गेलेले नाहीत. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला जात नाहीत. काय झालं ते मला थोडंफार माहीत आहे, पण ते मी सांगणं बरं नाही. तुम्ही विचारा. रागावून नको. तुम्हाला सांगतील.

तब्येत सांभाळा, मन नसलं तरी वेळेवर जेवा. चुकलंमाकलं पोटात घाला.

आपली,
सुलक्षणा

---

मनोरी,
३० मार्च २०२५

प्रिय चंदू,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात मी जास्तच बोललो. माफ कर. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस, पण तू त्या दिवशी निघाला होतास हे मला समजलं आहे. हार घेऊन निघाला होतास. मग मधे काय झालं?

गुडघ्यांचं मला सांगू नकोस. दिवाळीत तू चौथ्या मजल्यावर कंदील लावायला गच्चीच्या कठड्यावर चढला होतास, त्याचा फोटो दिशाने वॉरेनला पाठवला होता. मी बहिरा आहे, आंधळा नाही.

जे काही असेल ते लिही. मी एकटा वाचेन, वाचून चुलीत टाकेन. वॉरेन आणि सून घरी येईपर्यंत इकडे संध्याकाळी मी आणि क्लॅरिसची मांजर, दोघेच असतो. मांजर कुणाला सांगणार नाही.

वाट पाहतो.

तुझा,
सेबॅस्टियन

---

मुलुंड पूर्व,
६ एप्रिल २०२५

प्रिय सेबॅस्टियन,
स. न. वि. वि.

तीन वेळा लिहायला बसलो. आता जे येईल ते लिहितो.

ऑपरेशननंतर मला लघवी थांबवता येत नाही. खोकलो, शिंकलो, उठून उभा राहिलो की गळते. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा, वर्षभरात कमी होईल, काहींना होत नाही. दिवसाला तीन-चार पॅड लागतात. कंपनीत व्हॉल्व्हची गळती काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, तुला ठाऊक आहे. आता हे.

त्या दिवशी पहिल्या बसला दीड तास लागला. दुसरी बस पकडायला उतरलो तेव्हा पॅड पूर्ण भिजलं होतं. नाक्यावर सार्वजनिक शौचालय होतं. आत जाऊन बदललं. मग ते हातात घेऊन उभा राहिलो. ठेवायचं कुठे? आत एक बादली, एक फुटका मग. टाकायला काहीच नाही. बायकांच्या दारावर पाटी होती, पॅड डब्यात टाका म्हणून. आमच्या बाजूला पाटी नाही, डबा नाही. बाहेर पैसे घेणारा माणूस, त्याच्यासमोर रांग. हातात ते घेऊन त्या रांगेसमोरून चालायचं माझ्याच्याने झालं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि खांद्यावरच्या पिशवीत ठेवलं. हाराच्या शेजारी.

पुढच्या बसमध्ये उन्हाने वास सुटला. शेजारची बाई उठून पुढे गेली. कॉलेजच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. कंडक्टर मोठ्याने म्हणाला की मच्छी कुणी आणली आहे, पिशवी नीट बांधा. मीही इकडेतिकडे बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाची आहे.

मार्वेच्या जेटीवर पोचलो होतो, सेबॅस्टियन. होडी लागलेली होती. काळ्या कपड्यांतली माणसं चढत होती, त्यांत तुझी मेहुणीही दिसली. तिने मला पाहिलं नाही. ती पिशवी घेऊन मी त्या होडीत, त्या माणसांत, वहिनींच्या समोर कसा येऊ? आणि त्या पिशवीतला हार काढून त्यांना कसा घालू? होडी सुटेपर्यंत उभा राहिलो आणि मग फिरलो.

हार घरी आणला. दोन्ही एकदमच कचऱ्यात टाकलं.

हे सुलक्षणालाही पूर्ण सांगितलेलं नाही. तू चुलीत टाकणार म्हणालास, ते विसरू नकोस.

जमेल तशी माया ठेव.

तुझा,
चंदू

---

मनोरी,
१२ एप्रिल २०२५

प्रिय चंदू,
सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. चुलीत नाही टाकलं. क्लॅरिसच्या फोटोसमोर बसून एकदा मोठ्याने वाचलं आणि तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. ते तिलाच आलेलं पत्र आहे.

आता ऐक. शेवटचे पाच महिने क्लॅरिसला डायपर लागत होते. बदलायला नर्स नव्हती, मी होतो. सुरुवातीला ती भिंतीकडे तोंड करायची. नंतर एक दिवस म्हणाली की सेबी, आपल्या लग्नात फादरने सुखात आणि दुःखात असं विचारलं होतं, ह्याचं नाव घेतलं असतं तर तू पळाला असतास. आम्ही दोघं इतके हसलो की सून धावत आली. ती त्या दिवशी असती आणि तू तसाच दारात आला असतास, तर तुझ्या हातातून पिशवी ओढून घेतली असती आणि आधी जेवायला बसवलं असतं. तू तिला ओळखत नाहीस का रे?

पण एक गोष्ट मला कळत नाही. हॉस्पिटलला तिला घेऊन जायचो तेव्हा बायकांच्या टॉयलेटात झाकणाचा डबा असायचा. सून सगळं निस्तरून यायची. आणि पुरुषाला लागलं तर त्याने काय खिशात घालायचं? तू एकटा असशील असं मला वाटत नाही. आमच्या गावातच दोघे-तिघे आहेत जे मिस्सा संपायच्या आधी उठतात. मला वाटायचं, भक्ती कमी आहे.

तुझ्या घराजवळ बागेला लागून शौचालय आहे ना? तिथे जाऊन विचार, डबा ठेवतील का. गळती काढणारा माणूस तू. सुरुवात कुठून करायची ते मी सांगायला नको.

पाणी पीत जा, गाढवा. मूतखडा झाला तर तो वेगळा.

तुझा,
सेबॅस्टियन

---

मुलुंड पूर्व,
२७ एप्रिल २०२५

प्रिय सेबॅस्टियन,
स. न. वि. वि.

तुझं पत्र सुलक्षणाला वाचायला दिलं. तिने वाचलं, डोळे पुसले आणि मला म्हणाली की आतातरी दोन ग्लास पाणी प्या.

बागेजवळच्या शौचालयात गेलो. तिथे शकु नावाची बाई साफसफाई करते, चाळिशीची असेल, कांजूरमार्गहून येते. तिला विचारलं, पुरुषांच्या बाजूला डबा का नाही. ती म्हणाली, काका, तुम्हाला कशाला हवा? मग स्वतःच सांगू लागली. पुरुषांच्या बाजूला टाकीच्या मागे, खिडकीच्या जाळीत, कधी थेट भांड्यात, पॅड आणि डायपर कोंबलेले सापडतात. आठवड्यातून एकदा तरी पाइप तुंबतो. तार घालून, नाहीतर हात घालून तीच ओढून काढते. तिला वाटायचं की दारुडे आणि टवाळ पोरं हे करतात.

सेबॅस्टियन, त्यातले दोन माझे होते. जानेवारीत टाकीच्या मागे मीच कोंबून गेलो होतो. तुला पत्रात लिहायची लाज वाटली म्हणून मागच्या वेळी लिहिलं नाही. तिच्यासमोर उभा राहिल्यावर मात्र लपवता आलं नाही. सांगून टाकलं. तिने हातातला खराटा भिंतीला टेकवला. मग म्हणाली, काका, तार ओढताना मी लई शिव्या घालत होते, त्या तुम्हाला लागल्या असतील. मी म्हटलं, लागल्या. मग ती हसली.

तिनेच शौचालय चालवणाऱ्या संस्थेच्या मॅनेजरकडे नेलं. माणूस वाईट नाही. पण म्हणाला की पुरुषांना असा डबा लागतो असं आजवर एकाही पुरुषाने सांगितलेलं नाही, आणि मागणीच नसेल तर मी वर काय लिहू. कचरा नेण्याचा प्रश्न काढला, तर शकु म्हणाली की बायकांच्या बाजूची पिशवी मी रोज गाडीला देतेच, आणखी एक दिली तर माझे हात झिजत नाहीत, आत्ता झिजतात तेवढे. शेवटी तो म्हणाला, कारण स्पष्ट लिहून अर्ज द्या, खाली पंचवीस सह्या आणा.

पंचवीस सह्या म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत उभं राहून बोलायला हवं. तिथे सगळे ओळखीचे. बायकाही असतात. ते मला जमेलसं वाटत नाही.

काय करू, लिही. नेहमीसारखं रागावलास तरी चालेल.

तुझा,
चंदू

---

मनोरी,
३ मे २०२५

प्रिय चंदू,
सप्रेम नमस्कार.

सोबत कोऱ्या कागदावर माझी सही पाठवली आहे. खाली वॉरेनची, आणि मिस्सा अर्धवट सोडून उठणाऱ्या दोघांची. त्यांना मी सरळ विचारलं. एक रागावला, संध्याकाळी येऊन सही करून गेला.

मुलुंडच्या मॅनेजरला मनोरीच्या सह्या चालणार नाहीत हे मलाही कळतं. पण सभेत उभा राहशील तेव्हा हा कागद खिशात ठेव.

तुझा,
सेबॅस्टियन

---

मुलुंड पूर्व,
१९ मे २०२५

प्रिय सेबॅस्टियन,
स. न. वि. वि.

काल संघाची सभा झाली. तुझा कागद शर्टाच्या खिशात होता.

आधी सहलीचा विषय, मग डोळ्यांच्या शिबिराचा. अध्यक्षांनी आणखी काही असं विचारलं तसा मी उभा राहिलो. सुलक्षणा दुसऱ्या रांगेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दामच. मी म्हटलं, माझं ऑपरेशन झालं आहे, मला लघवी आवरत नाही, मी आत्ता इथे उभा आहे तोही पॅड लावून. पुढचं भाषण पाठ केलं होतं ते विसरलो. म्हटलं, बाहेर पॅड टाकायला पुरुषांना जागा नाही, म्हणून मी माझ्या सख्ख्या मित्राच्या बायकोच्या मयतीला पोचलो नाही. बागेजवळच्या शौचालयात डबा हवा आहे. सह्या द्या.

मागे कुणीतरी हसलं. एक जण म्हणाले की हे विषय बायकांसमोर काढायचे नसतात. मी बसायच्या बेतात होतो. तेवढ्यात चंपाताई उठल्या. म्हाताऱ्या आहेत, पूर्वी पालिकेच्या शाळेत शिकवायच्या, आवाज अजून वर्गातलाच. त्या म्हणाल्या, बायकांसमोर नाही काढायचे तर कुणासमोर काढायचे, चादरी कोण धुतं? मग म्हणाल्या की त्यांचे यजमान दोन वर्षं खाली उतरलेले नाहीत, विचारणाऱ्याला त्या गुडघे दुखतात म्हणून सांगतात. आणि पुढे येऊन पहिली सही त्यांनी केली.

सगळ्यांनी लगेच केल्या असं नाही. सभेत अकरा झाल्या, त्यांतल्या आठ बायकांच्या. पण रात्रीपर्यंत आमच्या दाराची बेल सहा वेळा वाजली. एक जण पेपर मागायला आले, एक पंप चालू आहे का विचारायला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि निघताना दारात म्हणाले की तो कागद कुठे आहे. जे सभेत हसले होते ते सर्वांत शेवटी आले. त्यांनी सही केली आणि विचारलं की तुम्ही कुठल्या दुकानातून घेता. मी पत्ता लिहून दिला.

आज सकाळी आणखी नऊ आल्या. एकूण सव्वीस.

काल खूप दिवसांनी गाढ झोप लागली. तुला हे सगळं आधी कळवायचं होतं.

तुझा,
चंदू

---

मुलुंड पूर्व,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय सेबॅस्टियन,
स. न. वि. वि.

डबा लागला. दीड महिना गेला, पण लागला. पायाने उघडायचा, घट्ट झाकणाचा. आणला तेव्हा पेडलची सळई इतकी हलकी होती की आठ दिवसांत वाकली असती. मी घरून जाड सळई नेली आणि बदलून दिली. शकु शेजारी उभी राहून पाहत होती. म्हणाली, काका, आता हत्तीने पाय दिला तरी चालेल.

पाटीवर मॅनेजर सॅनिटरी वेस्ट असं काहीतरी लिहिणार होता. शकुने मोडता घातला. तिचं म्हणणं, असं लिहिलं तर एकाही पुरुषाला ते आपल्यासाठी आहे असं वाटणार नाही. शेवटी साधं लिहिलं: मोठ्या माणसांचे पॅड आणि डायपर इथे टाका.

पहिले चार दिवस डबा रिकामा. मी सोडून कुणी वापरला नाही. मनात आलं, सव्वीस जणांनी दया म्हणून सह्या केल्या, खरा गळका मी एकटाच. पाचव्या दिवशी भाजी घेऊन येत होतो, तर शकुने रस्त्याच्या पलीकडून हाक मारली आणि हात वर करून तीन बोटं दाखवली. मीही हातातली पिशवी वर केली. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, कुणी क्रिकेटची मॅच जिंकलं. सुलक्षणा म्हणते, अशा गोष्टीचा आनंद होणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही.

आता आठवड्याला वीसेक असतात. पाइप तुंबला नाही असं शकु सांगते.

पावसाचं होडीत बसवत नाही. पण दोन नोव्हेंबरला तुमच्याकडे कबरीवर मेणबत्त्या लावतात ना? त्या दिवशी मी येतो. आम्ही दोघं येतो. आधीच कळवतो आहे, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

लोभ आहेच, तो आता समोर बसून घेईन.

तुझा,
चंदू

---

मुलुंड पूर्व,
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय सेबॅस्टियन,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुमच्या सुनेने बांधून दिलेल्या तळलेल्या गोल फुगियांतले दोनच घरापर्यंत आले, बाकीचे सुलक्षणाने बसमध्ये संपवले, आणि नाव माझं सांगते.

वहिनींच्या कबरीपाशी तू मला एकटं सोडून फाटकाकडे गेलास, ते बरं केलंस. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. काय बोललो ते तुला सांगणार नाही. आणि तुमच्या बाथरूमच्या दारामागे झाकणाचा नवा कोरा डबा होता, तो मी पाहिला. त्याचे आभार समोर मानायचे राहिले, ते इथे लिहितो.

परतीची हकिकत मात्र तुला सांगायलाच हवी. बस बदलायला उतरलो, तिथे शौचालयात गेलो. बदललं. आत पाहिलं, डबा नाही. बायकांच्या दारावर पाटी, पुरुषांच्या बाजूला काही नाही, नेहमीचंच. जुनं पॅड कागदात गुंडाळून, हातात धरून मी बाहेर आलो. टेबलाशी पैसे घेणारा माणूस, समोर सात-आठ जणांची रांग. सुलक्षणा थोडी लांब उभी होती.

मी टेबलापाशी थांबलो आणि विचारलं की पुरुषांचे डायपर टाकायचा डबा कुठे आहे. त्याला नीट ऐकू गेलं नाही. मग मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, तुझ्याशी बोलतो तसं. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. माणूस म्हणाला, काका, पुरुषांसाठी असलं काही नसतं, आजवर कुणी मागितलं नाही. मी म्हटलं, मी मागतो आहे, अर्ज कुणाच्या नावे करायचा तेवढं सांगा. त्याने खणातून एक कार्ड काढलं. मी खिशातून पेन काढून नाव आणि पत्ता उतरवून घेऊ लागलो.

तेवढ्यात रांगेतून एक जण पुढे आला. पंचेचाळिशीचा असेल, इस्त्रीचे कपडे, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ती बॅग त्याने दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती. अगदी हळू आवाजात म्हणाला, काका, त्या अर्जावर माझंही नाव घाला.

तुझा,
चंदू